आंबेखोलच्या वाटेवर ताई मागे राहिली

या प्रवासाबद्दल काही लिहिणार नाही, असं मी ताईला कबूल केलं होतं. मग पंधरा दिवसांनी तिचाच फोन आला. म्हणाली, "लिही तू. खुशाल लिही. फक्त माझं वय लिहू नकोस." म्हणून तेवढं सोडून बाकी सगळं लिहिते आहे. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, एवढं सांगितलं तर चालेल.

मी चाळीसगावच्या एका शाळेत भूगोल शिकवते. सत्तावीस वर्षं फळ्यावर महाराष्ट्राचा आडवा छेद काढते आहे: डावीकडे समुद्र, मग कोकणपट्टी, मग एकदम उभी रेघ, आणि तिच्या पलीकडे पठार. ती उभी रेघ आपण एकदा पायांनी चढावी, असं माझ्या मनात फार दिवस होतं. दिवाळीची सुट्टी लागली. ताई जळगावला एकटीच असते, तिचा मुलगा बंगलोरला. मी तिला विचारलं, "येतेस?" तिने कुठे, कशाला, काही विचारलं नाही. "कोणत्या गाडीने?" एवढंच म्हणाली.

मालवण

मालवणात आम्ही ओळखीतल्या शालिनीकाकींकडे उतरलो. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पुढे ओटा, मागे चार माड, आणि स्वयंपाकघरातून दिवसभर खोबरं वाटल्याचा वास. आम्ही खानदेशातल्या, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या. तिथे सकाळी घावणे, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. ताईने बांगड्याचं तिखलं पहिल्यांदाच खाल्लं आणि काटे काढता काढता अर्धा तास लावला, पण ताटात काही टाकलं नाही.

काकी विचारत, "अजून वायच भात घालू?" ताई म्हणे, "हो ना, ढग आहेत खरे."

इथे सांगायला हवं. तीनेक वर्षांपासून ताईला कमी ऐकू येतं. मुलाने दोन्ही कानांना मशीन आणून दिलंय, पण ते तिला आवडत नाही. लाटांजवळ गेलं की कानात कुणीतरी पत्रा ओढतंय असं वाटतं म्हणे. बसमध्ये, बाजारात, किनाऱ्यावर ती ते काढून एका लहान पांढऱ्या डबीत ठेवते. मग मला प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा सांगावी लागते. पहिल्या दिवशी मी तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी ती "काय गं?" म्हणाली की मी "काही नाही" म्हणून मोकळी होऊ लागले. ती पुन्हा विचारत नसे. हे मला त्या वेळी सोयीचं वाटलं होतं.

घाट चढायचा बेत ऐकून काकींनी कपाळाला हात लावला. "पावस अजून गेलो नाय हा. परतीचो आसा, कधी येतलो सांगता येवचा नाय." पण मी हट्ट धरल्यावर त्यांनीच सोय केली. त्यांचं माहेर आंबेखोल, अगदी डोंगराच्या पायथ्याला. तिथे त्यांचे भाऊ, गुणाजीदादा. "तो असल्याशिवाय एक पाऊल टाकू नकात," असं त्यांनी दोनदा बजावलं. दुसऱ्यांदा ताईकडे बघून, हळू, स्पष्ट.

आंबेखोल

कुडाळपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. नकाशावर जिथे रस्ता संपतो तिथून आणखी एक वळण, आणि मग गुणाजीदादांचं घर. मागे डोंगर इतका जवळ की वर बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. फळ्यावरची माझी उभी रेघ फारच तोकडी होती, हे मला अंगणातच कळलं.

भातकापणी चालू होती. अर्धं भात कापून मळ्यात आडवं पडलेलं, अर्धं उभं. गुणाजीदादा साठीचे, सडपातळ, पायात प्लॅस्टिकचे बूट, कमरेला कोयता. बोलता बोलता त्यांची नजर सारखी आभाळाकडे जात होती.

"उद्या सकाळीच सुटाक होया," ते म्हणाले. "वर सड्यार जावया, पलीकडची कड बघूया नि जेवणाक खाली. दुपारनंतर ह्येचा काय खरा नाय." सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ, आणि 'ह्येचा' म्हणजे पावसाचं.

त्यांच्या बायकोने, सत्यवतीवहिनींनी, रात्री कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात वाढला. सोबत चुलीत भाजलेला सुका बांगडा. ताई त्यांच्याशी छान बोलत होती. वहिनी तिच्या समोर बसून, तोंडाकडे बघत बोलायच्या, त्यामुळे ताईला सगळं कळत होतं. मला ते दिसलं होतं. पण त्यातून मी काही घेतलं नाही.

चढ

सकाळी सात वाजता निघालो. आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. पहिला अर्धा तास काजूच्या बागेतून, मग एक व्हाळ. व्हाळ म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. त्यात पाणी घोट्याएवढं, स्वच्छ, खालचे गोटे मोजता येतील असं. तो ओलांडला आणि रान सुरू झालं.

चिखलाबद्दल सांगते, कारण तो दिवस चिखलाचाच होता. आमच्याकडची काळी माती पाय धरून ठेवते. चप्पल अडकते, पण माणूस पडत नाही. इथली तांबडी माती पाय धरतच नाही. वर कुजलेला पाला, खाली लोण्यासारखी माती, त्याखाली दगड. टाच टेकली की गेलीच. मी चढताना दोनदा आपटले. ताई एकदाही नाही. डाव्या हातात काठी, उजव्या हातात मिटलेली हिरवी छत्री, आणि नजर खाली. मी नव्या बुटांचं कौतुक सांगत होते. त्यांच्या तळव्यांना खोल नागमोडी रेघा होत्या. ताई म्हणाली, "तुझे ठसे उमटतात ना, तिथे मी पाय ठेवते. बरं पडतं."

पण ती हळू होती. दर वळणावर आम्हाला थांबावं लागे. गुणाजीदादांना त्याचं काही नव्हतं. कुठे झाडावर खारीचं घर दाखव, कुठे माझ्या पोटरीवरची जळू तंबाखूच्या चिमटीने काढ, असं करत वेळ काढत. घाई मला होती. वर पोचायची, आणि खरं सांगायचं तर थोडं एकटं चालायचीही.

साडेनऊच्या सुमारास पाऊस आला. झाडांमुळे आधी नुसता आवाज आला, मग पाणी. आम्ही एका मोठ्या झाडाखाली थांबलो. गुणाजीदादांनी डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतली. ताईने मागून माझ्या सॅकची चेन उघडून आत काहीतरी ठेवलं आणि काहीतरी सांगितलं. मी बुटांच्या नाड्या बांधत होते. मान अर्धी वळवून "हं," म्हटलं.

पुढे चढ एकदम उभा झाला. गुणाजीदादा मागे वळून म्हणाले, "वर धुका येता. खुणा दिसतत तवसर सडो गाठूक होयो. नायतर गोल गोल फिरत रवतलास."

ताई तीन वळणं खाली होती. झाडांतून हिरवी छत्री वर येताना दिसत होती.

"चला तुम्ही," मी म्हटलं. "ती येते मागून. वाट एकच आहे ना?"

"एकच म्हणजे..." ते घुटमळले. "वर जांभळीकडे दोन होतत. पण तुमी आसास थंय."

"मी थांबते तिथे," मी म्हणाले.

सडा

जांभळीचं झाड आलं. तिथून उजवीकडे वाट थेट कातळावर चढत होती. काळा, शेवाळलेला, सपाट कातळ. हाच सडा. डावीकडे दुसरी वाट झुडपांत खाली उतरत होती. गुणाजीदादा कातळावर पुढे गेले, खुणेचे दगड शोधायला. मला लघवीला जायचं होतं, म्हणून मी डावीकडच्या वाटेने तीसेक पावलं खाली उतरले. परत वळताना चिखलात पाय सटकला, गुडघ्यावर घसरले. त्या चिखलातून पुन्हा वर जायचं जिवावर आलं. शेजारीच कातळाची कड होती. हात टेकून तिच्यावर चढले आणि वरच्या वर सड्यावर निघाले.

मी जांभळीपाशी परत गेले नाही. इथून वीस पावलांवर तर होती ती. ताई आली की दिसेल, असं वाटलं.

आणि मग धुकं आलं. कुणी पांघरूण ओढावं तसं, दोन मिनिटांत. आधी पलीकडची कड गेली, मग गुणाजीदादा गेले, मग जांभळीचं झाड. माझ्या पायाशी कातळात लहान लहान निळी फुलं होती, तेवढी दिसत होती.

"ताई!" मी हाक मारली. उत्तर नाही.

पाच मिनिटं थांबले. पुन्हा हाक मारली. मला राग आला होता, हे कबूल करते. वाटलं, मी पुढे निघून आले म्हणून रुसली आहे. लहानपणी रुसली की ती अशीच गप्प बसायची.

गुणाजीदादा धुक्यातून आले. "मोठ्या बाई खंय?"

"येत असेल."

ते लगेच जांभळीकडे गेले, तिथून खाली उतरले. दहा मिनिटांनी एकटेच वर आले. 

"तीन वळणां खाली जावन इलंय. नाय थंय."

मग आम्ही ओरडत सुटलो. दोघे मिळून, मग आळीपाळीने. गुणाजीदादांचा आवाज मोठा, रानात गुरं हाकणाऱ्याचा. ते कानांमागे हात धरून ऐकत. पावसाचा आवाज आणि खालून कुठूनतरी पाण्याचा. ते कातळाच्या चारही कडांना जाऊन ओरडले. मला जांभळीखाली उभं करून म्हणाले, "हयसून हलू नको." एवढा वेळ ते मला 'तुमी' म्हणत होते.

फोनला रेंज नव्हती. अकरा वाजले. साडेअकरा. घसा बसला. मी एकटी उभी होते आणि डोक्यात नको ते येत होतं. तिच्या मुलाला काय सांगायचं, हे वाक्य मी मनातल्या मनात जुळवत होते. तीन शब्दांच्या पुढे ते जात नव्हतं.

पाणी प्यायला सॅक उघडली. बाटलीशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. मला वाटलं बिस्किटं. ती पांढरी डबी होती. उघडली. आत दोन्ही मशीनं.

तेव्हा आठवलं. झाडाखाली, चेन उघडताना ती म्हणाली होती: "मशीन काढून तुझ्याकडे ठेवते गं, माझी पिशवी गळतेय." शब्द न् शब्द आठवला. कानावर पडला होता तो, फक्त मी आत घेतला नव्हता.

गुणाजीदादा आले तेव्हा मी डबी पुढे केली. "तिला ऐकू येत नाही दादा. या मशीनशिवाय काहीच नाही. आपण तासभर उगाच..."

ते डबीकडे बघत राहिले. खोळीवरून पाणी गळत होतं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण ते कातळावर उकिडवे बसले आणि शांतपणे म्हणाले, "बरा. मगे आराडण्याक काय अर्थ नाय. आता तू माका सांग. तुझी भैण चलता कशी?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोण झाडां बगीत चलता, कोण फुडच्याक बगता. ती कोणाक बगता?"

"खाली बघते," मी म्हटलं. "चिखलात. माझे ठसे..."

आणि मी थांबले. उजवीकडे कातळ, त्यावर कसलाच ठसा नाही. डावीकडे चिखल, आणि त्यात माझ्या बुटांचे ठसे, खाली जाणारे. परत येणारे नाहीत.

मी कुठे गेले होते ते गुणाजीदादांना सांगितलं. ते उठले आणि डावीकडच्या वाटेवर वाकले. पावसाने ठसे पुसट झाले होते, पण होते. नागमोडी रेघांचे माझे, आणि त्यांच्या बरोब्बर वर ठेवलेले, सपाट तळव्यांचे, लहान. शेजारी काठीची भोकं.

"ही वाट कुठे जाते?"

"ढोरांची होती पयली. व्हाळावर जाता." त्यांनी कमरेचा कोयता काढला. मग म्हणाले, "आता कोण जायना."

व्हाळ

मी घसरले होते तिथे चिखलात लांब ओरखडा होता, उताराच्या बाजूला खाली गेलेला. तिथून पुढे माझे ठसे नव्हते. ताईचे मात्र होते. आधी ती त्याच जागी बरीच फिरली होती. सगळा चिखल तुडवलेला. मग ठसे खाली गेले होते. लांब लांब ढांगा. जी बाई सकाळपासून एकेक पाऊल जपून टाकत होती, ती इथे जवळजवळ पळत उतरली होती.

आम्ही उतरलो. वाट म्हणजे नुसती घसरण. गुणाजीदादा कोयत्याने झुडपं तोडत पुढे, मी फांद्या धरून मागे. एका जागी हिरवी छत्री सापडली, उघडलेली, एक काडी मोडलेली. मी ती उचलली. गुणाजीदादांनी छत्री घेतली, मिटली आणि स्वतःच्या पाठीला अडकवली. "हातातसून छत्री सुटली इतक्याच. माणूस फुडे गेला. हे बग पाय."

पाण्याचा आवाज वाढत गेला. सकाळी घोट्याएवढा होता तोच व्हाळ हा, फक्त बराच वर. आता तो तांबडा होता, चहासारखा, आणि पाणी गोट्यांवरून उसळत होतं. पात्र वीस-पंचवीस हात रुंद. ठसे काठापर्यंत गेले होते आणि संपले.

मी पाण्याकडे बघितलं. मग खालच्या बाजूला, जिथे पाणी दोन मोठ्या धोंड्यांमधून वळून दिसेनासं होत होतं. गुणाजीदादांनी माझा दंड घट्ट पकडला. त्यांनीही आधी तिकडेच बघितलं होतं.

"थंय!" ते ओरडले.

पलीकडच्या काठावर, थोडी वरच्या बाजूला, एका पुढे आलेल्या खडकाखाली ताई बसली होती. गुडघे पोटाशी, पदर डोक्यावरून, काठी मांडीवर आडवी. तिने आम्हाला पाहिलं नव्हतं. ती पाण्याकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत, पुन्हा वरपासून खालपर्यंत.

मी ओरडले. अर्थातच उपयोग नव्हता. गुणाजीदादांच्या पाठीवरची छत्री ओढून घेतली, उघडून जोरजोरात हलवली. हिरवा रंग तिच्या नजरेला पडला. ती उठली. मला पाहिलं. आणि सरळ पाण्यात उतरायला निघाली.

"थांब! ताई, थांब!"

गुणाजीदादांनी दोन्ही हात पंजे पसरून पुढे केले, मग खाली दाबल्यासारखे केले. बस. बस. तिचा एक पाय पाण्यात होता. पाण्याने तो ओढला, ती काठीवर वाकली, सावरली. मग तिने गुणाजीदादांच्या हातांकडे बघितलं, पाय मागे घेतला आणि बसली.

"पाणी उतराक होया," ते म्हणाले. "पावस रवलो तर तासाभरात उतारता. ह्या डोंगरातला पाणी येता तसा जाता."

"आणि नाही थांबला तर?"

 काठावरची एक सरळसोट चिव्याची काठी, म्हणजे बारीक भरीव बांबू, तोडून ते साफ करायला लागले. पाण्यालगत एक दगड निवडून त्याच्या पाणरेषेवर कोयत्याने ओरखडा काढला. मग आम्ही त्या ओरखड्याकडे बघत बसलो.

दीड तास. मी काठावर, ताई समोर, मध्ये पाणी. माझ्याकडे बोलायला आवाज होता आणि त्याचा उपयोग नव्हता. ताईने बोटाने स्वतःच्या कानाकडे दाखवलं, मग माझ्या सॅककडे. मी डबी काढून दाखवली. तिने घाईघाईने हात हलवले: आत ठेव, भिजेल. मी खूण करून विचारलं, लागलंय का? तिने गुडघा दाखवला आणि हात उडवला. मग तिने तीच खूण मला केली, मला लागलंय का म्हणून, आणि डोक्यापासून पायापर्यंत निरखून बघत राहिली. मला ते विचित्र वाटलं. हरवली ती होती.

मध्ये एकदा पाणी ओरखड्याच्या वर गेलं. गुणाजीदादांचं पान लावणं थांबलं. चंची तशीच मांडीवर उघडी राहिली. खाली त्यांचं कापलेलं भात याच पावसात पडून होतं. 

पाऊस दोनच्या सुमारास थांबला. ओरखडा दिसायला लागला. मग त्याच्याखाली एक बोट ओला दगड. मग चार बोटं.

"जातंय," ते म्हणाले. चिव्याची काठी पुढे रोवत, पाण्याला तिरके होत, ते पलीकडे गेले. पाणी त्यांच्या मांडीपर्यंत. ताईसमोर उभे राहून त्यांनी बोलायचा प्रयत्नच केला नाही. तिचा हात घेऊन स्वतःच्या मनगटावर ठेवला, आपल्या हाताने तिचं मनगट धरलं, आणि पाय कसा सरकवायचा, उचलायचा नाही, ते करून दाखवलं. ती मान हलवत होती.

ती दोघं पाण्यात उतरली. मी मोजत होते. पहिली दहा पावलं ठीक. मधोमध ताईचा पाय गोट्यावरून गेला. ती छातीपर्यंत पाण्यात गेली, तिची काठी हातातून निसटली आणि धोंड्यांकडे वाहत गेली. गुणाजीदादा वाकले, पण मनगट सोडलं नाही. तसेच दोन क्षण उभे राहिले, तिच्या पायांना तळ लागेपर्यंत. मग पुन्हा सरकायला लागले.

काठाशी मी हात दिला. ताई वर आली, ओली, थंडगार, ओठ निळे. मला वाटलं ती रडेल, किंवा मला बोलेल. तिने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. केसांतून बोटं फिरवली, मान चाचपली, हात, कोपर, बोटं. मग मोठ्याने, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, म्हणाली, "कुठे पडली होतीस तू? किती लागलं?"

मी नाही अशी मान हलवली.

"तुझे ठसे संपले आणि घसरल्याची खूण होती ना तिथे. खाली गेलेली. मला वाटलं तू गेलीस खाली. उतरताना हाका मारल्या, पण तू ओ दिलीस तरी मला काय कळणार? म्हणून बघत बघत आले. अलीकडे कुठे दिसली नाहीस, म्हणून पलीकडे गेले." तिने श्वास घेतला. "मग पाणी वाढलं. मला वाटलं, तू पाण्यात..."

 मी बोलले असते तरी तिला ऐकू गेलं नसतं. मी तिला धरून उभी राहिले. गुणाजीदादा आमच्याकडे पाठ करून धोतराचं पाणी पिळत होते, बराच वेळ.

परत आंबेखोल

उतरायला चार तास लागले. ताईचा गुडघा सुजला होता. गुणाजीदादांनी तिला मध्ये घेतलं आणि प्रत्येक उतारावर स्वतःचा खांदा दिला. अंगणात पोचलो तेव्हा तिन्हीसांजा होत होत्या. सत्यवतीवहिनी आणि शेजारच्या दोन बायकांनी कापलेलं भात जमेल तेवढं पडवीत आणून पसरलं होतं. बाकीचं मळ्यातच भिजलं होतं. वहिनींनी आमच्याकडे बघितलं आणि चुलीवर पाणी ठेवलं.

अंग कोरडं करून ताईने मशीनं कानात घातली. गरम पेज पिताना गुणाजीदादा तिला म्हणाले, "मोठ्या बाई, चुकी माझी. मी मागे चलाक होया होतंय."

"तुमची नाही," ताई म्हणाली.

"माझी आहे," मी म्हटलं. "तू सांगितलं होतंस मशीन ठेवताना. मी ऐकलं नाही."

ताईने पेजेचा वाडगा खाली ठेवला. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "तू 'हं' म्हणालीस ना, तेव्हाच कळलं होतं. तुझं तोंड बघते मी बोलताना. हल्ली तू ऐकत नसलीस की कळतं." आवाजात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याला जायचं ठरलं होतं. गेलो नाही. कुडाळच्या डॉक्टरांनी गुडघा तपासून, हाडाला काही नाही, तीन दिवस पाय सरळ ठेवा म्हणून सांगितलं. ते तीन दिवस आम्ही आंबेखोललाच राहिलो. ऊन पडलं होतं. ताई पाय पसरून पडवीत बसे आणि भिजलेल्या भाताच्या पेंढ्या उलटसुलट करी. मी मळ्यातून पेंढ्या आणून देई. वहिनी मला हसत. चाळीसगावची मास्तरीण भारा डोक्यावर घेते कशी, ते बघायला शेजारीण आली होती.

चौथ्या दिवशी सकाळी ताई नवी काठी घेऊन अंगणात उभी होती. बूट घातलेले. "अर्धी राहिली आहे ना वाट?" ती म्हणाली.

मी नको म्हटलं. डॉक्टर, गुडघा, चिखल, सगळं सांगितलं. तिच्या समोर उभी राहून, तोंड दिसेल असं, सावकाश सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऐकलं. चला आता."

गुणाजीदादा कोयता कमरेला अडकवत होते. "मोठ्या बाई फुडे," ते म्हणाले. "तुमी चलशात तसे आमी."

ताई पुढे, मध्ये मी, मागे ते. वाट तीच, पण मला ती पहिल्यांदाच दिसत होती. ताई वळणावर थांबे, मग आम्ही थांबू. तिला एक अळंबी दिसली, वाटीएवढी, केशरी. तिला एका झाडाच्या खोडावर मुंग्यांची रांग दिसली, ती कुठे जाते ते बघायला आम्ही दहा मिनिटं थांबलो. मागच्या वेळी तीन तासांत चढलो होतो तिथे साडेचार तास लागले. जांभळीपाशी तिने डावीकडे बघितलं. उजवीकडे वळली.

सड्यावर ऊन होतं. कातळाच्या कडेला जाऊन बसलो. खाली सगळं कोकण: भाताचे पिवळे तुकडे, काजूची गडद रानं, कुठेतरी कुडाळ, आणि त्याच्याही पलीकडे आभाळ जिथे संपतं तिथे एक उजळ पट्टी. गुणाजीदादा म्हणाले, तो समुद्र. वहिनींनी दिलेले घावणे आणि चटणी आम्ही केळीच्या पानावर घेऊन खाल्ली. दुपार झाली. पश्चिमेकडून ढग येताना दिसत होते, अजून लांब होते. एरवी मी घड्याळ बघितलं असतं.

गुणाजीदादांनी एकदा ढगांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली, अजून नाही. ताई समुद्राच्या पट्टीकडे बघत बसली होती. ती उठेपर्यंत आम्ही दोघेही बसून राहिलो.